आत्याबाईंच्या परतीची तारीख

मांगेरे वस्तीतल्या आमच्या टोंगन चर्चमध्ये कोणाला सरकारी फॉर्म भरायचा असला की तो आधी प्रार्थना करी आणि मग सामिसोनी हावेआकडे जाई. काही जण प्रार्थना वगळून थेट सामिसोनीकडेच जात, आणि हे पाळकसाहेबांनाही ठाऊक होतं. विमानतळाजवळच्या माल-गोदामात एकवीस वर्षं पावत्या तपासून त्याच्या नजरेला अशी धार आली होती की कोरा राहिलेला रकाना त्याला दारातूनच दिसे. काळी शाई, मोठं अक्षर, उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक ही त्याची पद्धत. आजवर त्याने सदतीस घरांचे मामे, चुलते, सासवा आणि एका गृहस्थांच्या तर दोन सावत्र आज्या व्हिसावर आणवल्या होत्या, आणि एकही अर्ज माघारी आला नव्हता. हा आकडा तो स्वतःहून कधी सांगत नसे. विचारलं तर सांगे, आणि कोणी विचारत नाही असं दिसलं तर बोलणं हळूहळू तिकडे नेई.

त्यामुळे त्याच्या मुलीचं, हेईलालाचं, लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ठरलं आणि तिकडे टोंगातल्या वावाऊ बेटावरून लोसालीनेताईला बोलवायचं निघालं, तेव्हा त्या कामाची चिंता घरात कोणीच केली नाही. चिंता होती ती हॉलची, मेजवानीच्या डुकरांची आणि केकला किती मजले असावेत याची. लोसालीने ही सामिसोनीची थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या. आमच्या टोंगन लग्नात आत्येची खुर्ची मंचावर असते. ती बसल्याशिवाय आहेराच्या चटयांची घडी मोडत नाहीत, उत्तमातली उत्तम चटई तिला जाते, केकचा वरचा मजला तिला जातो. आत्येशिवाय लग्न होतं, नाही असं नाही, पण मग त्याला लग्न म्हणण्यापेक्षा नोंदणी म्हणणं बरं.

सामिसोनीच्या मनात आणखी एक गोष्ट होती. एकतीस वर्षांपूर्वी तो इकडे आला ते लोसालीनेच्या चटयांवर. तिने दोन वर्षं केवड्याची पानं उकळली, समुद्रात भिजवली, वाळवली, चिरली आणि विणली, आणि त्या चटया विकून त्याचं विमानाचं तिकीट निघालं. ती स्वतः कधी विमानात बसली नव्हती. तिला आपल्या खर्चाने आणावी आणि साऱ्या मांगेरेसमोर त्या खुर्चीवर बसवावी, एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यात मनापासून केली होती. बाकीच्या इच्छा त्याच्या बायकोने, सिनिवाने, त्याच्या वतीने केल्या होत्या.

आता लोसालीने आली नाही तर खुर्ची रिकामी राहणार नव्हती, हे दुखणं वेगळंच होतं. दोन गल्ल्या सोडून मेलेनाईते राहत असे, सामिसोनीची लांबची चुलत बहीण. सख्खी आत्या नसली की नात्याच्या ओळीत पुढची तीच. ती दर रविवारी चर्चच्या पायरीवर सिनिवाला गाठून व्हिसाचं कुठवर आलं ते विचारी, आणि काळजी वाटते म्हणून विचारते असंही सांगे. लग्नाला चार महिने होते, तरी तिने जांभळ्या रंगाचं कापड घेऊन ठेवलं होतं.

व्हिसाच्या कचेरीला चार गोष्टी लागत. निमंत्रणाचं पत्र, नात्याचा पुरावा, राहण्याजेवणाची सोय, आणि पाहुणा मुदत संपली की परत जाईल अशी खात्री. सामिसोनीने यादी वाचली, चष्मा काढला आणि हे चार दिवसांचं काम आहे असं जाहीर केलं.

दुसऱ्यांच्या आत्यांना बोलावताना तो पत्र एका बैठकीत लिही. घर मोठं आहे, खर्च माझा, पाहुणी अमुक तारखेला परत जाईल, खाली सही. पण त्या आत्या दुसऱ्यांच्या होत्या. हे पत्र स्वतःच्या थोरल्या बहिणीला होतं, आणि अर्ज तिच्या नावाचा असल्यामुळे आधी तिच्याच हातात पडणार होतं. पावत्यांवर लिहावं तशा कोरड्या इंग्रजीत तिला लिहिणं शक्यच नव्हतं. त्याने टोंगन भाषेत, वडीलधाऱ्यांशी बोलायच्या अदबीने, तीन दिवस खपून पत्र लिहिलं. ते असं होतं:

‘पूज्य ताई, ज्या घरात आपल्याला बोलावण्याचं धाडस करतो आहे ते घर लहान, अंधारं आणि आपल्या पायांना लागायच्या लायकीचं नाही. इथे खायला काही नाही. थोडी पानं उकडू, ती गोड मानून घ्यावीत. मी निरुपयोगी भाऊ आहे, आणि जे काही आहे ते आपलंच आहे. आपण कधी जाणार हे विचारणारा मी कोण? मर्जी असेतोवर राहावं.’

पत्र वाचताना सिनिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून तिने विचारलं, की यात परतीची तारीख कुठे आहे. सामिसोनीने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

“मी ताईला जा म्हणू?” तो म्हणाला.

सिनिवालाही ते लिहिता येणार नव्हतं. भावाने बहिणीला जा म्हणणं वाईट, मग भावजयीने नणंदेला म्हणणं तर विचारायलाच नको. तारखेचं कचेरीवाले समजून घेतील, असं दोघांनी ठरवलं.

पत्राचं इंग्रजी भाषांतर मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. सामिसोनीने जवळच्या ओतारा वस्तीत राहणाऱ्या एका बाईंकडे ते दिलं. बाई कामाला चोख होत्या. त्यांनी एक शब्द गाळला नाही, एक शब्द घातला नाही आणि खाली शिक्का मारला. सामिसोनीने त्यांच्या अचूकपणाचं तोंडभर कौतुक केलं.

मग नात्याचा पुरावा. दोघांचे जन्मदाखले होतेच, पण शेजारच्या रामरखाने कुंपणावरून सल्ला दिला की नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही, जिव्हाळा दाखवावा लागतो. रामरखा फिजीचा. त्याने सासूबाईंना आणताना दोनशे बारा पानं जोडली होती, आणि सासूबाई आल्यापासून तो त्या दोनशे बारा पानांबद्दल थोडा हळहळत असे. दोघांचे एकत्र काढलेले फोटो लाव, फोनची बिलं लाव, घरातला फ्रिज उघडून कप्प्याकप्प्याचे फोटो लाव, असं त्याने सांगितलं. उपाशी मरणार नाही हे दिसलं पाहिजे म्हणे.

फोटोंपाशी पहिली अडचण आली. आमच्यात बहीण-भाऊ मोठे झाले की एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत, मग खेटून उभं राहून फोटो काढणं दूरच. भाऊ जितका चांगला, तितका तो बहिणीपासून लांब. सामिसोनी तर फारच चांगला भाऊ होता. घर उलटंपालटं केल्यावर एकच फोटो मिळाला, गावच्या चर्चला नवं छप्पर घातलं त्या दिवशीचा. त्यात त्रेचाळीस माणसं होती. लोसालीने डाव्या टोकाला बायकांत बसलेली, आणि सामिसोनी उजव्या टोकाला एका माडाच्या मागे, तोंड दुसरीकडे. त्याने लाल शाईने दोन बाण काढले. त्यातला एक बाण त्याच्या कानाकडे होता, कारण माडाबाहेर तेवढाच आलेला होता.

फोनचंही तेच. फोन सिनिवा लावी, सिनिवाच बोले, आणि सामिसोनी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा उभा राहून ऐके. ताईचा गुडघा कसा आहे ते तो सिनिवाला विचारी, सिनिवा नणंदेला विचारी, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. त्यामुळे बिलांवर सगळं बोलणं भावजयीच्या नावावर होतं. शेवटी सामिसोनीने स्वतःच एक निवेदन लिहिलं. वयाच्या तेराव्या वर्षापासून मी माझ्या बहिणीबरोबर एका खोलीत बसलेलो नाही, तिच्याशी कधी विनोद केलेला नाही, आणि तिला एकदाही स्वतः फोन केलेला नाही, असं त्याने काळ्या शाईत नमूद केलं. लिहिताना त्याची छाती थोडी पुढे आली होती. आमच्या हिशेबाने भावाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

राहण्याची सोय त्याने आराखड्यासह मांडली. घरातली मोठी खोली ताईला, आणि ताई ज्या छपराखाली झोपणार त्याखाली भावाने झोपायचं नाही, म्हणून ‘अर्जदार येताच यजमान घर सोडून गॅरेजमध्ये राहायला जाईल’ असं एक वाक्य. आराखड्यात गॅरेज होतं, गवत कापायचं यंत्र होतं, आणि त्या यंत्राला लागून यजमानाची खाट मापात काढलेली होती. फ्रिजचे फोटोही काढले. फ्रिज नवा होता, दोन दारांचा, पण नेमका त्या दिवशी अर्धा रिकामा. म्हणून रामरखाने आपल्या घरातल्या लोणच्याच्या सहा बरण्या आणून मधल्या कप्प्यात मांडल्या आणि फोटो होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

सारं मिळून चौसष्ट पानं झाली. सामिसोनीने ती वाचनालयातल्या संगणकावरून कचेरीला पाठवली, आणि त्या रविवारी कोणीतरी विचारल्यावर अडतीस हा आकडा सांगून टाकला.

पाच आठवड्यांनी कचेरीचं उत्तर आलं. भाषा अत्यंत सभ्य होती, आणि तीच जास्त लागली. यजमानांच्या स्वतःच्या लेखी कबुलीनुसार त्यांचं घर अंधारं असून राहण्यास योग्य नाही, असं त्यात होतं. तसंच घरात पानांव्यतिरिक्त खाण्यास काही नाही, मात्र सोबतच्या छायाचित्रांत लोणचं मोठ्या प्रमाणावर दिसतं, या विसंगतीचा खुलासा व्हावा. यजमान व अर्जदार यांच्यात गेल्या चाळीस वर्षांत बोलणं-बसणं नाही, आणि अर्जदार येताच यजमान घर सोडून जात आहेत, यावरून दोघांचे संबंध बिघडलेले दिसतात. अर्जदार परत कधी जाणार याबद्दल विचारणं यजमानांना योग्य वाटत नाही, परंतु कचेरीला वाटतं. दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं.

सामिसोनीने ते पत्र उभ्याने वाचलं, बसून वाचलं आणि मग अंगणात जाऊन वाचलं. संबंध बिघडलेले, हे दोन शब्द त्याच्या फार जिव्हारी लागले. बाकी काय म्हटलं ते त्याने सोसलं असतं. त्याने पत्र खिशात घातलं आणि कोणाला काही बोलायचं नाही असं सिनिवाला बजावलं. सिनिवाने फक्त एका बाईला सांगितलं, तेही शपथ घालून. रविवारी प्रार्थना सुरू होण्याआधी सगळ्या बाकांना माहीत झालेलं होतं. पुतण्याचा अर्ज सामिसोनीकडे दिलेल्या एक बाई संध्याकाळी घरी आल्या, सध्या तुम्ही कामात असाल असं अदबीने म्हणाल्या आणि फाइल परत घेऊन गेल्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत गोदामातून माल असा माघारी गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. मेलेनाईतेने तर लग्नाचा हॉल पाहायला म्हणून जाऊन मंचावर खुर्ची ठेवून बघितली. आवाज घुमतो का ते पाहत होते, असं तिने हॉलवाल्याला सांगितलं. त्यासाठी ती खुर्चीत बसली का होती, हे त्याने विचारलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. शुक्रवारी पुरुष मंडळी कावा या मुळांच्या पेयाच्या भांड्याभोवती बसली, तेव्हा प्रत्येक वाटीबरोबर एक सल्ला आला. एकाने कचेरीतल्या साहेबालाच लग्नाचं बोलावणं धाडायला सांगितलं. दुसरा म्हणाला की दोन पत्रं लिही, गोड ताईला आणि कोरडं कचेरीला. यावर सामिसोनीने खूप विचार केला. पण अर्जातला कागद न् कागद ताईला दिसणार होता, आणि पाठीमागे तिला जा म्हणणं हे तोंडावर म्हणण्याहून वाईट, असं त्याचं मत पडलं. रामरखा कुंपणावरून म्हणाला, “भाऊ, मी लिहितो. ती माझी कोण लागते? मी तर उद्याच जा म्हणेन. सवय आहे मला.” पण घर रामरखाचं नव्हतं, हे कोणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं. हेईलाला म्हणाली की मीच लिहिते, आत्या नाताळानंतरच्या पहिल्या विमानाने, चार जानेवारीला, जाईल म्हणून. तिच्या बापाने तिला पुढे बोलूच दिलं नाही. लग्नाच्या तोंडावर नवरीने आत्येला घालवून द्यायचं आणि वर सुखाने संसार व्हावा अशी अपेक्षा धरायची, हे त्याला पटणारं नव्हतं.

दहातले सहा दिवस असे गेले. सामिसोनी कामावरून आला की टेबलाशी बसे आणि मसुदे करी. सरळ लिहिणं अशक्य, तर आडून लिहावं, आमच्याकडे मोठ्यांशी तसंच बोलतात. एका मसुद्यात ‘चार जानेवारीला वावाऊच्या विमानात जागा असतात असं लोक म्हणतात’ असं होतं. दुसऱ्यात ‘त्या सुमारास समुद्र शांत असतो’ असं होतं. तिसऱ्यात ‘जानेवारीच्या आरंभी तिकडची केवड्याची पानं आपली वाट पाहत असतील’ असं होतं, आणि ते त्याला स्वतःलाच फार आवडलं.

“अहो, ह्यावरून त्या साहेबाला कळणार काय?” सिनिवा म्हणाली. “हवामान?”

सातव्या दिवशी तो टेबलाशी बसला, पण लिहिलं काही नाही. सिनिवाने चहा ठेवला तसाच निवला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की मेलेनाईतेला सांगून टाक, कापड शिवायला टाक म्हणावं. सिनिवाने लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्याचं म्हणणं सरळ सरळ मोडलं, आणि मेलेनाईतेला काही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. वावाऊहून होता. सिनिवाने तो मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला, आणि सामिसोनी उठून रोजच्या जागी, दारात, पाठमोरा उभा राहिला.

“सिनिवा, तो दारात आहे ना?” लोसालीनेचा आवाज आला.

“आहेत, वन्सं.”

“मला कचेरीचं पत्र आलंय. शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतलं, दोनदा. त्यात म्हटलंय, मी आले की माझा भाऊ घराबाहेर जाणार. कुठे जाणार?”

“गॅरेजमध्ये, वन्सं. मोटार ठेवतो तिथे.”

“खिडकी आहे?”

सिनिवाने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली.

“आणि पाठ? माडावरून पडला होता तो. दुखते अजून?”

“ओल आली की दुखते. सांगत नाहीत, पण दुखते.”

पलीकडे कोंबड्यांना हुसकावल्याचा आवाज आला. मग लोसालीने म्हणाली, “त्याला सांग, लिही. लोसालीने चार जानेवारीला जाणार. मोठ्या अक्षरात लिही म्हणावं.”

“वन्सं, ते कसं लिहितील? तुम्हाला जा म्हणायचं...”

“तो मला जा म्हणत नाहीये. मी त्याला लिही म्हणतेय. माझा शब्द कधी खाली पडू दिलाय त्याने? तीन आठवडे पुरेत. त्याहून जास्त तो त्या मोटारीच्या बिळात झोपला, तर खुर्चीवर बसून मला काय सुख? आणि हेही लिही, की जानेवारीत आमच्या विणकामाची बैठक बसते. सतरा जणी आहोत. माझी जागा मोकळी राहिली तर चटई तिथेच अडते. मी काय तुमची पानं खात बसू होय तिकडे?”

सामिसोनी अजून पाठमोराच होता. पण त्याचे खांदे हलत होते, आणि हे हसणं नव्हतं हे सिनिवाला दिसत होतं. चाळीस वर्षं तो ताईचा मान राखत होता, आणि ताई इतकी वर्षं त्याच्या पाठीची चौकशी मनात धरून होती.

“सिनिवा,” फोन ठेवता ठेवता लोसालीने म्हणाली, “फोटोतला तो फ्रिज. दोन दारांचा. तो खरा आहे का?”

“खरा आहे, वन्सं.”

“बरं,” ती म्हणाली.

सगळ्या गल्लीला जे सुचलं नव्हतं ते इतकं सोपं निघालं. ताईला जा म्हणण्याची हिंमत जगात कोणाची नव्हती, पण ताईने लिही म्हटल्यावर न लिहिण्याचीही कोणाची नव्हती. सामिसोनीने त्याच बैठकीत पत्र पुरं केलं. ‘अर्जदाराच्या आज्ञेवरून यजमान लिहितो, की अर्जदार ४ जानेवारीला जाणार आहे’ हे वाक्य त्याने पानाच्या मध्यभागी, अर्धा इंच उंचीच्या अक्षरांत लिहिलं. पाहुण्याने हुकूम सोडून यजमानाकडून स्वतःला घालवून घेण्याचं हे पहिलंच निमंत्रण असावं. सोबत दोन पानांत आपलं घर उजेडाचं आहे, जेवण भरपूर आहे, लोणचं शेजाऱ्याचं आहे, आणि बहिणीशी बोलत नाही याचा अर्थ काय होतो, हे त्याने नीट समजावून सांगितलं. घराबद्दल ही अशी उघड बढाई मारताना त्याच्या कानशिलांवर घाम आला होता. ओतारातल्या बाईंनी याही वेळी एक शब्द गाळला नाही.

व्हिसा नऊ दिवसांनी आला. कचेरीतल्या माणसाला नेमकं काय पटलं ते कळायला मार्ग नाही. रामरखा अजून लोणच्याचंच नाव घेतो. मेलेनाईतेने सिनिवाचे दोन्ही हात हातात घेऊन फार फार आनंद झाल्याचं सांगितलं, आणि जांभळा पोशाख शिवून झालाच होता म्हणून लग्नात दुसऱ्या रांगेत घालून बसली.

लग्न छान झालं. लोसालीनेताई आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला आईची जुनी चटई गुंडाळून खुर्चीवर बसली, समोर येणाऱ्या प्रत्येक चटईची कड अंगठ्याने चाचपून पाहिली, दोन चटयांत खोट काढली आणि त्यासुद्धा घेतल्या. केकचा वरचा मजला तिच्या मांडीवर ठेवला, तो तिने तीन तास हलू दिला नाही. सामिसोनी हे हॉलच्या मागच्या दारातून, भट्टीतून काढलेल्या तपेल्यांशेजारून पाहत होता. भावाची जागा तीच. तो रडत होता, आणि कोणी बघितलं की धुराकडे बोट दाखवत होता. इतका सुखी तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

गॅरेजातले तीन आठवडेही त्याला गोड गेले. भिंतीपलीकडून ताई सिनिवाला कपड्यांच्या घड्या चुकीच्या घालतेस म्हणून बोलत असे, हेईलालाबरोबर हसत असे, आणि तो यंत्राशेजारच्या खाटेवर पडून ऐकत असे. पाठ अर्थातच दुखत होती. एका सकाळी लोसालीनेने स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर तळहात ठेवला आणि हा चांगला आहे असं म्हणाली. आत्येने भावाच्या घरातल्या वस्तूवर हात ठेवून ती चांगली आहे म्हटलं की त्यापुढे बोलायचं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी सामिसोनीने गोदामातून फळ्या आणून फ्रिजला स्वतः पेटी ठोकली, वर मोठ्या अक्षरांत वावाऊचा पत्ता घातला आणि तो जहाजाने रवाना केला. इतके दिवस फ्रिजमध्येच राहिलेल्या रामरखाच्या बरण्या कुंपणावरून परत गेल्या.

मग चार जानेवारी आली. भाऊ-बहीण एका मोटारीत बसणार नाहीत, म्हणून सामिसोनी रामरखाच्या मोटारीतून मागे मागे विमानतळावर गेला आणि एका खांबाजवळ उभा राहिला. ताई, आणखी थोडे दिवस राहा, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं होतं. पण ती जाणार हे त्यानेच लिहून दिलं होतं, काळ्या शाईत, अर्धा इंच उंच. आपल्या अक्षराचा राग त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

लोसालीने सामान देऊन परत आली, आणि हेईलालाला म्हणाली, “तुझ्या बापाला इकडे बोलाव. इथे, माझ्या बाजूला. आणि फोटो काढ.”

हेईलालाने बापाकडे पाहिलं. सिनिवा जमिनीकडे पाहू लागली.

“काय बघतेस? कागदाला लागतो म्हणे. परत यायचं झालं तर पुन्हा तो माड आणि तो कान पाठवणार आहात का?”

सामिसोनी आला आणि सामानाच्या ढकलगाडीपलीकडे उभा राहिला. लोसालीनेने पायाने ती गाडी बाजूला सारली. मग दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, मध्ये एक वीत, ती जाण्याच्या फाटकाकडे बघत आणि तो बाहेरच्या मोटारींकडे. हेईलालाने फोटो काढला. हलू नको असं कोणाला सांगावं लागलं नाही.

“घर उजेडाचं आहे,” फाटकाकडेच बघत लोसालीने म्हणाली. सिनिवामार्फत नाही, हेईलालामार्फत नाही. “मी तीन आठवडे पाहिलं. पुढच्या पत्रात तसं लिही.”

“हो, ताई,” सामिसोनी म्हणाला. तेराव्या वर्षानंतर तो तिच्याशी थेट बोलला ते हे दोन शब्द.

घरी आल्यावर त्याने तो फोटो छापून आणला, मागे काळ्या शाईने तारीख घातली, फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला आणि उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक एक असं लिहिलं. मग थंड पाणी प्यायला म्हणून उठला, आणि फ्रिज होता त्या मोकळ्या भिंतीपाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला.